उतरंडीचा हिशेब

नोकरदाराला पगार महिन्याला मिळतो, जिरायती शेतकऱ्याला सालातून एकदा. खर्च मात्र दोघांचाही रोजचाच. घोडनदीच्या काठापासून थोडं वर, माळरानाच्या पट्ट्यात आमचं गाव. तिथं रब्बीचा जोंधळा हेच मुख्य पीक. भाद्रपद-आश्विनात पेरायचा, माघ-फाल्गुनात काढायचा. खळं झालं की चार दिवस घर भरल्यासारखं दिसायचं आणि त्या चार दिवसांच्या भरलेपणावर पुढचे बारा महिने काढायचे असत. फाल्गुनात हात सैल सोडला की श्रावणात दुसऱ्याच्या दारात चिपटं-मापटं घेऊन उभं राहायची पाळी यायची.

'बजेट' हा शब्द आम्ही ऐकायचो तो फेब्रुवारीअखेर, ग्रामपंचायतीच्या रेडिओवर. तो दिल्लीचा शब्द होता. पण त्या शब्दामागची वस्तू आमच्या माजघरात कोपऱ्यात उभी होती. तिला उतरंड म्हणत.

शहरातल्या वाचकांनी कदाचित पाहिली नसेल, म्हणून सांगतो. मातीची मडकी एकावर एक रचायची. सगळ्यांत मोठं तळाला, मग त्याहून लहान, असं करत शेवटी वर एक छोटं गाडगं. आमच्या उतरंडीला सात मडकी होती. तळच्या मडक्यात बियाणं. ते राखेत घोळवून, लिंबाचा पाला घालून, तोंड शेणमातीनं लिंपून टाकलेलं. त्याच्यावर तूर, हुलगा, मटकी. मधल्या एका मडक्यात डाळीच्या पोटात फडक्याची पुरचुंडी, तिच्यात घरातला नगद पैसा. आणि वरच्या गाडग्यात आठवड्याच्या बाजाराची चिल्लर.

ही रचना जागा वाचवण्यासाठी तर होतीच, पण आईनं तिचा दुसरा उपयोग करून घेतला होता. वरचं गाडगं उभ्या उभ्या हाताला लागायचं. पुरचुंडी काढायची तर तीन मडकी खाली घ्यावी लागत. आणि बियाण्याला हात घालायचा तर सगळी उतरंड उतरवावी लागे. मडक्याला मडकं लागल्याचा आवाज साऱ्या घरात जाई. चोरून, सहज, मनात आलं म्हणून बियाण्याला हात घालणं शक्यच नव्हतं. मोह प्रत्येकालाच होतो. आईचा भरवसा मनाच्या निग्रहावर नव्हता, मडक्यांच्या ओझ्यावर होता.

खळ्यावरची वाटणीही ठरलेली असे. राशीतून पहिलं बियाणं बाजूला निघे. मग बलुतेदारांचं बलुतं. मग घरचं सालाचं खाणं. आम्ही आठ माणसं. दिवसाला चार किलोच्या आसपास पीठ लागायचं. म्हणजे सालाला साडेचौदा क्विंटल दाणा. आईला क्विंटल ठाऊक नव्हता. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, एवढं तिला पुरत होतं. दर अमावस्येला ती कणगीतून महिन्याचा दाणा मोजून काढायची आणि कणगीचं तोंड पुन्हा लिंपून टाकायची. महिना संपायच्या आत कणगी फुटायची नाही. पाहुणे जास्त झाले तर भाकरीबरोबर हुलग्याचं माडगं यायचं. सालाचं खाणं, सणवार, पैपाहुणा एवढं बाजूला काढून उरेल ते विकायचं. दादा भाव चढल्याचं सांगत आले की आईचं एकच वाक्य असायचं, "आवं, उरंल त्ये इकायचं. इकून उरंल त्ये खायचं न्हाई."

पैशाची वाटणी आजीच्या काळापासून आण्यांत चालायची. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. सोळाचे निम्मे आठ, आठचे निम्मे चार, चारचे दोन, दोनचा एक. अधेली, पावली, चवली आणि आणा. निरक्षर माणसालाही बोटांवर करता येईल असा हा हिशेब. आजी म्हणायची, रुपयातली अधेली पोटाला, पावली शेताला, चवली सोयऱ्याधायऱ्याला आणि चवली मातीला. 'मातीला' म्हणजे मडक्यात पुरून ठेवायला. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, रुपयाचे शंभर झाले. शंभरचे पन्नास, पन्नासचे पंचवीस. पुढं निम्मं करायला गेलं की साडेबारा. तिथं आजीचा हिशेब अडला. मी लहान असताना, नवा पैसा येऊन दहा वर्षं झाली तरी आमच्या घरात रुपया सोळा आण्यांचाच होता. पंचवीस पैशांच्या नाण्याला तर आमच्याकडे शेवटपर्यंत चार आणेच म्हणत राहिले.

हे सगळं सांगताना जुनं ते सोनं असा सूर लागतो, तो लागू देऊ नये. ज्या खळ्यावर आमची वाटणी व्हायची, त्याच खळ्याच्या कडेला काही माणसं आपल्या वाट्याची वाट पाहत उभी असत. सुतार-लोहारांचं बलुतं निदान मापानं ठरलेलं होतं. महारवाड्यातल्या माणसांनी सालभर राबायचं, आणि मिळायचं काय तर पाटी-दोन पाटी दाणा आणि घरोघरची भाकर. तीही देणाऱ्याच्या मर्जीवर. डॉ. आंबेडकरांनी महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली मांडलं, आणि ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. मधली तीस वर्षं मोजून पाहा. ज्याची कमाई किती ते दुसरा ठरवतो, त्यानं खर्चाचा आराखडा कसला करायचा? काटकसर करायलाही आधी हातात आपलं म्हणावं असं काहीतरी लागतं.

आमच्या भागातल्या कुणब्यांचंही एकेकाळी तेच झालं होतं, पण वेगळ्या वाटेनं. सुपे हे गाव आमच्यापासून फार लांब नाही. १२ मे १८७५ रोजी तिथं बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेला. लोक पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी उठले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. जमावाला मुख्यतः हवे होते कर्जरोखे आणि वह्या. जिथं सावकारानं कागद मुकाट्यानं काढून दिले, तिथं बहुतेक ठिकाणी कागद जाळून लोक परत फिरले.

असं का झालं? अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमाराला शेतसारा वाढवला गेला. तोही रोख, आणि पाऊस पडो न पडो, ठरल्या वेळेला. साऱ्यासाठी कर्ज, कर्जाच्या व्याजासाठी कर्ज. शेतकरी सही म्हणून नांगराची निशाणी करायचा. वर काय लिहिलंय ते वाचायला त्याला येत नव्हतं.

तेव्हाही शहाणी माणसं म्हणत होती की कुणबी लग्नात उधळतो म्हणून बुडतो. सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. त्या आयोगानं नोंदवलं की लग्नखर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. हा खर्च काही हलका नाही, पण कर्जाचं मूळ क्वचितच तिथं असतं. मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं. गरिबाला काटकसरीचे धडे देणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा वाचावं.

त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यात न्यायालयाला रोख्याच्या मागं जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा होती. शिवाय भरलेल्या पैशाची पावती, सालाच्या हिशेबाचा उतारा आणि नोंदवही मागायचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. म्हणजे सरकारलाही कळलं होतं, की कुणब्याचा हिशेब त्याच्या घरात नाही, तो सावकाराच्या चोपडीत आहे. तरी लोकांची चाल लवकर बदलली नाही. रिझर्व्ह बँकेनं १९५१-५२ साली गावोगावच्या कर्जाची पाहणी केली, तेव्हाही शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जातले सुमारे सत्तर सावकारांकडचे होते आणि सहकारी संस्थांकडचे जेमतेम तीन.

आजी हे काही वाचलेली नव्हती. पण तिच्या बोलण्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं, "आपला हिशोब आपल्या भितीवर पायजे." आणि तो होता. चुलीमागच्या भिंतीवर चुन्याच्या रेघा. दुकानदाराकडून आणलेल्या तेलाची एक रेघ, गुळाची आडवी, घासलेटाची तिरकी. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवीनं त्या छेदायच्या. मोजणी विसांत: "एक ईस आन् तीन." महिन्याअखेर दुकानदार वही काढायचा आणि आई मला बरोबर न्यायची. तो वाचायचा, ती मनातल्या भिंतीशी ताडून पाहायची. एका रेघेचा फरक पडला तरी तिथंच थांबायची. दुकानदार तिच्यावर चिडायचा, पण आमच्या खात्यात त्यानं कधी जास्तीचं लिहिलं नाही.

दुसरी गोष्ट आठवडे बाजाराची. बाजार सात दिवसांनी एकदा. सोमवारी एखादी वस्तू हवीशी वाटली तरी ती घ्यायला चार-पाच दिवस थांबावंच लागे. घरात कुणी काही मागितलं की आई म्हणायची, "बाजारच्या दिशी सांग." बाजारच्या दिवसापर्यंत निम्म्या मागण्या मागणारेच विसरून जायचे. उरलेल्या निम्म्यांसाठी ती पदराला गाठी मारायची. एका गाठीत मीठ-मिरचीचे पैसे, एकीत घासलेटाचे, एकीत शेतीच्या कामाचे. एक गाठ सुटली म्हणून दुसरी सोडायची नाही. मिरची महागली तर मिरची कमी यायची, घासलेटाची गाठ तशीच राहायची.

या सगळ्याची परीक्षा झाली ती १९७२ च्या दुष्काळात. मी तेव्हा नववीत होतो. खरीप गेलंच होतं, रब्बीची पेरणीही झाली नाही. कणगी रिकामी. रेशनवर लाल मिलो मिळायचा. त्याच्या भाकरीचा रंग आणि वास त्या पिढीतलं कुणी विसरलेलं नाही. आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. पुढं राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली ती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून. तिचा कायदा नंतर आला, पण आमच्यासारख्यांना हाताला काम म्हणजे काय ते त्या खडीच्या ढिगानं शिकवलं.

घरात पहिल्यांदाच सालाऐवजी आठवड्याचा पैसा यायला लागला. दोन माणसांची मजुरी, आणि तीही मस्टर होऊन वेळेवर मिळाली तर. आईनं पहिल्याच आठवड्यात घडी बदलली. सालाचं माप मोडलं, आठवड्याचं बांधलं. पैसे आले की पदराला तीन गाठी. पहिली रेशनची. दुसरी दुकानदाराच्या जुन्या उधारीची. रुपया का होईना, दर आठवड्याला द्यायचाच. तिसरी, चार आणे का असेना, पुढच्या आठवड्याची, कारण मस्टर अडकलं तर त्या आठवड्यात चूल पेटायला हवी. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा चूल पेटली.

पण उन्हाळ्यात धाकट्याला ताप भरला, आणि तो पंधरा दिवस हटेना. डॉक्टर, औषध, तालुक्याच्या खेपा. गाठी सुटल्या, पुरचुंडी रिकामी झाली. एका रात्री दादा उतरंडीपुढं जाऊन उभे राहिले. बियाण्याच्या मडक्यात अडीच पायली जोंधळा होता. त्या दिवसांत बियाण्याला खाण्याच्या दाण्याहून कितीतरी जास्त भाव आलेला. दादा म्हणाले, "इकू या. पोरगं वाचलं पायजे."

आई म्हणाली, "पोरगं वाचलंच पायजे. पर बी इकलं तर त्येला म्होरल्या साली काय घालायचं?"

दुसऱ्या दिवशी ती दंडातल्या चांदीच्या वाक्या घेऊन तालुक्याला गेली आणि दंड मोकळे घेऊन आली. धाकटा बरा झाला. १९७३ चा पाऊस चांगला झाला. आश्विनात आम्ही घरचं बियाणं पेरलं. शेजारच्या चार घरांनाही त्यातलं दिलं. तेव्हाचा हिशेब मी मोठेपणी अनेकदा मांडून पाहिलाय. नियम पाळले म्हणून बियाणं वाचलं हे खरं. पण वाक्या होत्या म्हणून नियम पाळता आले, हेही तितकंच खरं. गाठी मारून गळती थांबते. आजारपण आणि अवर्षण थांबत नाही. त्यासाठी मोडता येईल असं काहीतरी आधीपासून अंगावर किंवा गाठीला असावं लागतं. आणि आईनं वाक्या पुन्हा कधी केल्या नाहीत. तिचे दंड पाहिले की मला त्या दुष्काळाचा खरा खर्च दिसायचा.

थोरल्या बहिणीचं लग्न १९७७ साली ठरलं. चुलत्यांनी, म्हणजे आप्पांनी, अंदाज काढला सहा हजारांचा. बँड, बुंदी, छापील पत्रिका, दोन वेळची पंगत. घरात होते साडेतीन हजार. उरलेल्यासाठी विहिरीजवळचा एकर गहाण टाकायचा असं आप्पांनी ठरवूनही टाकलं. "भावकीत नाक राह्यलं पायजे," हे त्यांचं म्हणणं.

आईनं मला आहेराची वही काढायला सांगितली. आहेराची वही म्हणजे गावाची बिनव्याजी पतपेढीच. कुणाच्या लग्नात आपण काय दिलं, आपल्याकडं कुणी काय दिलं, सगळं लिहिलेलं. मी वाचत गेलो, ती ऐकत गेली. सगळं वाचून झाल्यावर अंदाज निघाला, नऊशे-हजार रुपये आहेर येईल. आप्पा म्हणाले, "बघा, म्हंजी हजार धरा." आई म्हणाली, "आप्पा, येणारं धरायचं न्हाई. आलं तर सोसायटीचं भरू." मग तिनं एकेक खर्च साडेतीन हजारांत बसवत नेला. बँडऐवजी गावची सनई आणि ताशा. बुंदीऐवजी लापशी. पत्रिकेऐवजी घरोघर जाऊन बोलावणं. नवरदेवाकडच्यांनी घड्याळ मागितलं, ते कबूल केलं. सायकल मागितली, तिला दादांनी हात जोडून नाही म्हटलं. त्या रात्री सोयरीक मोडते की काय अशी घरात शांतता होती. बहीण चुलीपुढं बसून होती, तिनं कुणाकडं पाहिलं नाही. सकाळी व्याही हसून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सायकल."

भावकीनं नावं ठेवली. लापशीवरून वर्षभर बोलणी झाली. विहिरीजवळचा एकर आज आमच्याकडं आहे. त्या वर्षी आमच्या आळीत आणखी दोन लग्नं झाली. त्यातल्या एका घराचा गहाण पडलेला तुकडा परत फिरला नाही.

आई साठीच्या पुढं गेल्यावर गावात बचत गट निघाला. नाबार्डनं १९९२ पासून अशा गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली होती. तो वारा आमच्या गावात यायला काही वर्षं लागली. महिन्याला वीस रुपये. पंधरा बाया, एक वही, एक कुलूपबंद पेटी. कर्ज हवं असेल तर बैठकीत सगळ्यांसमोर सांगायचं, कशासाठी. आई घरी येऊन सांगायची, "निम्म्या बाया 'कशाला' म्हनलं की मागंच सरत्यात." ज्या खर्चाचं कारण चारचौघींत सांगता येत नाही, तो खर्च बहुतेक वेळा थांबवता येतो, हे त्या पंधराजणींना कुणी शिकवलं नव्हतं. आणि औषधासाठी कुणी मागितलं तर 'कशाला' हा प्रश्न तिथं कुणीच विचारत नव्हतं. आईला वाक्या विकाव्या लागल्या तेव्हा अशी पेटी गावात नव्हती.

आता पैसा डोळ्यांना दिसतच नाही. दुकानात फोन दाखवला, आवाज झाला, गेला. बाजार रोजचा झाला. रात्री अकराला मागवलं तरी दुसऱ्या दिवशी दारात. बाजारच्या दिवसापर्यंत थांबणं राहिलं नाही, पदराची गाठही राहिली नाही. पण जिनं घर चालवायचंय ती काही ना काही जुळवतेच. माझी सून पदवीधर आहे, उतरंड तिनं पाहिलेली नाही. दुधाचे पैसे आले की ती त्याच दिवशी तीन ठिकाणी टाकते. घरखर्चाचे एका खात्यात, तेच तेवढं फोनला जोडलेलं. दुखण्याखुपण्याचे बचत गटात. बियाणं-खताचे तिसऱ्या खात्यात, तालुक्याच्या शाखेत. काही घ्यावंसं वाटलं की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवते आणि रविवारी त्यातलं काय हवंय ते पाहते. रविवारी बरंचसं खोडलेलं असतं.

त्या तिसऱ्या खात्याचं एटीएम कार्ड तिनं घेतलेलंच नाही. पैसे काढायचे तर एस.टी.नं तालुक्याला जावं लागतं, रांगेत उभं राहावं लागतं, स्लिप भरावी लागते. गेल्या साली ती एकदाच गेली, पेरणीच्या आधी. आली ती बियाण्याची पिशवी आणि पावती घेऊन.